यार्डातलं आरमार

मालवण ते वेंगुर्ला या पट्ट्यातल्या कुठल्याही किनारी गावात जा आणि "तुमच्याकडे काही जुन्या वस्तू आहेत का हो?" असं विचारा. "जुना? सगळा जुनाच आसा. नवीन काय आसा ता इचारा," असं उत्तर मिळेल. हे उत्तर शंभर टक्के खरं आणि संग्रहालय काढायला निघालेल्या माणसाला शंभर टक्के निरुपयोगी. संग्रहालयाला निवृत्त झालेली वस्तू लागते. आमच्या गावात वस्तू निवृत्त होत नाही, तिची बदली होते. होडीचा नांगर म्हशीला बांधायला रुजू होतो. मोडलेलं वल्हं गडग्याच्या कवाडाला अडसर म्हणून लागतं. जाळ्याचा कुजका तुकडा पडवळाच्या मांडवावर चढून माकडं हाकलतो. म्हणजे हाकलत नाही, पण आपण काहीतरी केलं एवढं समाधान देतो. होडीच्या फळ्यांचं खोपीला दार होतं, दार मोडलं की त्याचे पाट होतात आणि पाट झिजले की न्हाणीच्या चुलीत जातात. चुलीनंतर मात्र बदली नाही.

अशा गावात 'आपला दर्यावर्दी आणि मासेमारीचा वारसा सांगणारं संग्रहालय उभारावं' असा ठराव ग्रामसभेत आला आणि कुणीच विरोध केला नाही, तेव्हा जाणकार मंडळी चिंतेत पडली. ज्या ठरावाला विरोध होत नाही तो पुरा होत नाही, हा आमचा आजवरचा अनुभव. रस्त्याला विरोध झाला, रस्ता झाला. जेटीला सगळ्यांनी एकमुखाने पाठिंबा दिला. ती अजून नकाशावरच आहे. तिकडे गुजरातेत लोथलला चार हजार वर्षांहून जुनी गोदी सापडली आणि आता तिथे राष्ट्रीय सागरी वारसा संकुल उभं राहतंय. आमच्या जेटीचा ठरावही साधारण त्याच काळातला असावा, पण उत्खननाला कुणी येत नाही. शेवटी एका गृहस्थांनी "आत खायला मासे नसतील तर लोक येतील कशाला?" असं विचारलं. तो विरोध धरून समिती नेमली आणि आम्ही कामाला लागलो.

पहिलं काम अर्थातच अभ्यासदौरा. गोव्यात बाणावलीला 'गोवा चित्र' नावाचं संग्रहालय आहे. एका माणसाने ध्यास घेऊन जमवलेल्या हजारो जुन्या वस्तू तिथे नीट मांडून ठेवल्यात. समिती गेली, बघितलं, भारावून परत आली. दौऱ्याचा अहवाल दोन पानांचा आहे. त्यात दीड पान जेवण. उरलेल्या अर्ध्या पानाचा निष्कर्ष असा : 'हे सर्व एका माणसाने केले. आपण अकराजण आहोत, तरी वेळ लागेल.'

जागेचा प्रश्न यार्डाने सोडवला. इंग्रजांच्या राज्यात मिठावर कर होता. पण मासे खारवायचे तर मीठ लागणारच, म्हणून सरकारने किनाऱ्यावर ठिकठिकाणी कुंपण घातलेली यार्डं काढली. मासे तिथे आणायचे, सवलतीचं सरकारी मीठ घ्यायचं, सरकारी माणसाच्या डोळ्यांदेखत मासे खारवायचे आणि मीठ बाहेर न नेता घरी जायचं. १९३० साली दांडीबरोबर आमच्या जवळच्या शिरोड्यालाही मिठाचा सत्याग्रह झाला, हे इतिहासात आहे. त्याच्या कितीतरी आधीपासून आमच्या काही पूर्वजांनी हा कायदा कमरेला पुरचुंडी बांधून मोडला होता, हे इतिहासात नाही, पण त्यांचे नातू अभिमानाने सांगतात. तर अशा यार्डाच्या चिऱ्याच्या भिंती आणि वर मंगलोरी कौलं. ही कौलं कोकणात आली तीही शिडाच्या गलबतांतून. म्हणजे छप्पर हाच आमचा सगळ्यात मोठा सागरी अवशेष, आणि तो गळतो.

यार्डाला वास आहे. मासे खारवणं बंद झालं, दोनदा चुना मारला, सत्यनारायण घातला, धूप फिरवला. वास जागच्या जागी. पुण्याहून आलेल्या एका तज्ज्ञ बाईंनी हा वास ऐकून (हो, त्या 'अनुभवते आहे' असंच म्हणाल्या, पण चेहरा ऐकल्याचा होता) सांगितलं की, परदेशातली संग्रहालयं असे वास मुद्दाम तयार करतात, त्यावर खर्च करतात. तेव्हापासून समितीने चुन्याचा खर्च बंद केला आणि वासाची नोंद वस्तूंच्या यादीत पहिल्या क्रमांकावर केली. अवस्था : उत्तम.

वस्तू मिळत नसल्या तरी पूर्वज भरपूर मिळाले. 'आपल्या घराण्याची सागरी परंपरा कळवावी' असं पत्रक काढलं तर आठवड्यात कळलं की, गावात एकही घर असं नाही की ज्याचा पणजोबा आंग्र्यांच्या आरमारात सरदार नव्हता. खलाशी कुणाचाच नव्हता. वल्हं कुणीच मारलेलं नव्हतं. आंग्र्यांची गुराबं आणि गलबतं निव्वळ हुकमांवर चालत असावीत. शिवाय कान्होजी आंग्रे वारले १७२९ साली आणि तुळाजी आंग्र्यांच्या ताब्यातलं आरमार विजयदुर्गाच्या बंदरात जळालं १७५६ साली. त्या वेळी सरदार असलेला माणूस आज पणजोबा लागायचा तर मधल्या प्रत्येकाला मुलगा सत्तरी ओलांडल्यावर झाला असला पाहिजे. समितीतल्या मास्तरांनी हा हिशेब सभेत मांडला. "आमच्याकडे सगळ्यांची तब्येत चांगली," असं उत्तर मिळालं.

त्या आगीचा फलक मात्र आम्हाला फार महागात पडला. घडलं ते असं. इंग्रज आणि पेशवे एक झाले, वॉटसन आणि क्लाइव्ह समुद्रातून विजयदुर्गावर चालून आले, तोफगोळा आंग्र्यांच्या एका जहाजावर पडून ते पेटलं आणि दाटीवाटीने नांगरलेलं सगळं आरमार त्याच्यासोबत गेलं. जे जहाज आधी पेटलं ते 'रिस्टोरेशन', मूळचं इंग्रजांचंच, आंग्र्यांनी पकडून आणलेलं. एवढा झणझणीत ऐवज; पण फलकावर पेशव्यांचं नाव घालायचं की नाही यावर सभा पेटली. एक गट म्हणाला, घाला. दुसरा म्हणाला, कशाला उगाच, पर्यटक पुण्याहूनच येतात. तिसऱ्याने सुचवलं की इंग्रजांवर टाका, ते काही ऐकायला येत नाहीत. रात्री चहाची तिसरी फेरी झाल्यावर एकमताने मजकूर ठरला : 'इ. स. १७५६ मध्ये आरमारास आग लागली.' कुणी लावली ते प्रेक्षकाने घरी जाऊन वाचावं.

आंग्र्यांच्या दालनात आमच्याकडची एकमेव अस्सल वस्तू म्हणजे प्लास्टिकची फाइल. ती अशी आली. पोर्तुगीजांनी 'आमचा परवाना घेतल्याशिवाय समुद्रात यायचं नाही' असा दंडक घातला होता. त्या परवान्याला कार्ताझ म्हणत. पुढे कान्होजींनी 'समुद्र तुमच्या काकांचा नाही' हे दाखवून देत स्वतःचं दस्तक सुरू केलं. हे सगळं मास्तर रंगवून सांगत असताना मागे बसलेला एक ट्रॉलरवाला उठला, घरी गेला आणि आपली फाइल घेऊन आला. बोटीची नोंदणी, मासेमारीचा परवाना, विमा, डिझेलच्या कोट्याचे कागद, खलाशांची बायोमेट्रिक ओळखपत्रं, बंदरावरचं टोकन. "कान्होजीक एक कागद होतो. माजे मोजा," तो म्हणाला. मोजले नाहीत, पण फाइल काचेत ठेवली. महिन्यातून दोनदा तो ती काचेतून काढून नेतो, कारण त्याशिवाय त्याला समुद्रात जाता येत नाही.

खरी पंचाईत जाळ्याची झाली. आमचा किनारा रापणीचा. पहाटे होडीतून जाळं अर्धगोलात सोडत जायचं, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणायचे आणि दोन्हीकडे माणसांच्या रांगा लावून सगळा समुद्र हळूहळू ओढत वाळूवर आणायचा. शेकडो मीटर लांब जाळं आणि वीस-पंचवीस पावलांचं यार्ड. पसरलं तर भिंतीतून बाहेर जाणार. म्हणून ते कोपऱ्यात रचून ठेवलं. उद्घाटनाला आलेल्या एका पाहुण्यांनी त्या ढिगाकडे बोट दाखवून "हा कचरा उचलून घ्यायला हवा होता," असं हळूच सुचवलं. दुर्दैवाने शेजारी म्हातारे तांडेल उभे होते.

तांडेलांनी उभं आयुष्य रापणीत घालवलेलं. सुताची जाळी ऐनाच्या सालीच्या काढ्यात बुडवून पक्की करायचे ते दिवसही त्यांनी पाहिले आणि मग नायलॉन आल्यावर बायकांनी सुटकेचा निःश्वास कसा टाकला तेही. त्यांना गाइड म्हणून नेमावं असं ठरलं, मास्तरांनी पान-दीड पानाचं भाषणही लिहून दिलं. तांडेलांनी तो कागद घडी घालून टोपीत ठेवला आणि पहिल्याच रविवारी आलेल्या मुंबईच्या पर्यटकांना म्हणाले, "बघून काय समाजता? ओढून बघा."

यार्डाबाहेरच्या माडाला त्यांनी रापणीच्या दोराचं एक टोक बांधलं होतं. दुसरं टोक पर्यटकांच्या हातात. "ओढा." ओढलं. माड हलला नाही. माड हलत नसतातच. "समुद्र पण हलना नाय. ओढा." पाच मिनिटांत हसणं थांबलं. दहा मिनिटांत एकाने घड्याळ काढून बायकोकडे दिलं. तांडेल कडेने फिरत होते : टाच रोवा, मान खाली नको, ताल धरा, तू बाजूच्याच्या जिवावर ओढतंस, माका दिसता. चौथ्या माणसाचे हात खरोखरच दोरावर नुसते ठेवलेले होते. हे त्याच्या पुढच्या-मागच्यांना कळलं नव्हतं, तांडेलांना पाठमोरं असताना कळलं. पाव तासाने सगळे वाळूत बसले, तळव्यांवर दोराचे वळ. मग तांडेलांनी वाटे कसे पडतात ते सांगितलं. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, माणसाचा वाटा. आणि नुसता दोराला हात लावलेल्या पोरालाही ओंजळभर मासळी, कारण उद्या तोच ओढणार. त्यानंतर प्रत्येकाच्या हातात एकेक सुका बांगडा ठेवला. चौथ्यालाही ठेवला, शेपटीकडचा. वही उघडून पाहा, अभिप्रायांत नव्वद टक्के लोकांनी या दोराबद्दल लिहिलंय. समितीने तयार केलेल्या सोळा फलकांबद्दल एकाने लिहिलंय, आणि तो शुद्धलेखनाबद्दल.

तांडेल गमतीने बोलतात, पण पर्सिसीन जाळ्यांचा विषय निघाला की बोलत नाहीत. त्या जाळ्यांनी बांगड्याचे थवे किनाऱ्याशी यायच्या आत खोल पाण्यातच वेढून उचलले जातात. मग रापण ओढून वर येतं ते पाणी आणि प्लास्टिक. १९८१चा सागरी मासेमारी नियमन कायदा आहे, २०१६ साली पर्सिसीनवर निर्बंध आले, २०१७ साली दिवे लावून मासे गोळा करण्यावर बंदी आली. कागद चोख आहेत. रात्री क्षितिजावर दिवेही चोख दिसतात. पर्सिसीनचं जाळं संग्रहालयात ठेवावं का, असं विचारल्यावर तांडेल म्हणाले, "ठेवा मा. ताच एक जाळा असा की संग्रहालयात गेला तर बरा."

मासे ओळखा म्हणून एक रंगीत तक्ता लावला आहे. २०२३मध्ये सरकारने पापलेटाला राज्यमासा जाहीर केल्यामुळे तो वर, मध्यभागी, मोठ्या चौकटीत. बांगडा खाली डावीकडे. यावरून जी नाराजी पसरली ती अजून निवळलेली नाही. राज्याचा मासा कुठला ते सरकार ठरवील, पण गावाचं घर कुणी चालवलं हे ठरवायला समितीला काय झालं होतं, असा बांगडापक्षाचा सवाल. तक्ता बदलण्याचा ठराव मंजूर आहे. विरोध झालेला नाही.

करवत माशाचं प्रकरण त्याहून नाजूक. एका घराच्या माजघरात दारावर दृष्ट लागू नये म्हणून हातभर लांब, दोन्ही बाजूंनी दातेरी असं करवत माशाचं नाक टांगलेलं होतं. पूर्वी हा मासा किनाऱ्याशी यायचा, आता तांडेलांच्या पिढीखेरीज कुणी जिवंत पाहिलेला नाही. आजीबाईंचं मन वळवायला समितीने चार संध्याकाळी त्यांच्या सांध्यांच्या तक्रारी ऐकल्या, तेव्हा त्या तयार झाल्या. मिरवत आणलं. मास्तर दाते मोजायला बसले. तेवढ्यात कुणाचे तरी व्याही, वनखात्यातून निवृत्त झालेले, डोकावले आणि पांढरे पडले. हा मासा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीला. त्याचा अवशेष दाखल्याशिवाय बाळगणं गुन्हा. बसलेली सभा इतक्या लवकर कधी उठली नव्हती. दाते मोजायचे राहिले. आज त्या जागी शाळेतल्या मुलांनी पुठ्ठ्याचं केलेलं नाक आहे आणि खाली सूचना : 'मूळ वस्तूविषयी विचारू नये.'

खुणांचा नकाशा बघायला विसरू नका. समुद्रात खडक कुठे, चांगली मासळी कुठे, हे ओळखायला जुने लोक जमिनीवरच्या दोन खुणा एका रेषेत धरत. देवळाचा कळस त्या जांभळाच्या झाडावर आला की जाळं सोडायचं, सुकतीच्या वेळी अमुक कडा तमुक घराच्या मागे गेला की होडी वळवायची. असा नकाशा तांडेलांकडून काढून घेतला, तर त्यातलं जांभळाचं झाड रिसॉर्टात गेलेलं आणि घराच्या जागी मोबाइलचा टॉवर. "मग आता?" मास्तरांनी विचारलं. "आता टॉवर धरतव," तांडेल म्हणाले. "रेंज नसली तरी दिसता."

इतकं सगळं मांडून झाल्यावर एका सकाळी गावातल्या मासे विकणाऱ्या काकू डोक्यावरची पाटी उतरवून आत आल्या. सगळं नीट पाहिलं. सोळाही फलक एका मुलीकडून वाचून घेतले. आणि दारात उभ्या राहून म्हणाल्या, "मासे पकडल्यात. आणि इकले कोणी? तुमच्या आज्यान?"

अकराजणांच्या समितीत एकही बाई नव्हती, हे तेव्हा सगळ्यांच्या एकदम लक्षात आलं. पहाटे किनाऱ्यावर लिलावात घासाघीस करून मासळी घ्यायची, पाटी डोक्यावर घेऊन चार-पाच गावं पायी फिरायचं, अमक्या घरी उधारी किती थकली ते वहीशिवाय लक्षात ठेवायचं, उरलेली मासळी मीठ लावून पावसाळ्यासाठी सुकवायची, आणि नवऱ्याच्या होडीचा हप्ता कधी आहे ते त्याला सांगायचं. आरमारातल्या सरदारांना यांतलं काही जमलं असतं असं वाटत नाही. आम्ही त्यांची माफी मागितली आणि 'तुमची पाटी, चुंबळ आणि आडाळो द्या, मधोमध ठेवतो' म्हणालो. "देतंय. पण दोपारनंतर. सकाळी माका धंद्याक होयी." त्यामुळे आमच्या संग्रहालयातलं सर्वांत महत्त्वाचं दालन दुपारी दोननंतर भरतं आणि पहाटे रिकामं होतं. पाटी कधीकधी ओली असते. तिथे जास्त वेळ थांबू नये असं मांजरांसाठी लिहिलेलं आहे.

आता शेजारची स्पर्धा. नौदलातून निवृत्त झालेली 'गुलदार' ही युद्धनौका निवती रॉकजवळ समुद्राच्या तळाशी ठेवून पाण्याखालचं संग्रहालय करायची सरकारची योजना आहे. पाणबुड्याचा पोशाख घालून जायचं, प्रवाळ बघायचं, मासे जवळून बघायचे. योजना भव्य आहे. गावात तिचं कौतुकही आहे आणि एक शंकाही : पैसे भरून समुद्रात बुडणारी माणसं येणार असतील, तर फुकटात बुडालेला रापणीचा धंदा बघायला कोण येईल? सरपंचांना मात्र काळजी नाही. ते म्हणाले, "आपलंही पाण्याखालचंच आहे. फक्त जून ते सप्टेंबर."

यातूनच वेळापत्रकाचा घोळ कळेल. पर्यटक दिवाळीत आणि मे महिन्यात येतो. तेव्हा आमची जाणती माणसं होडीवर, नाहीतर त्याच पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला घेऊन गेलेली असतात. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस मासेमारीला बंदी. तेव्हा सगळे मोकळे, गप्पांना तयार, जाळी विणत बसलेले, आणि बघायला चिटपाखरू नाही. पूर्वी नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देऊन होड्या लोटत. आता दर्या १ ऑगस्टला सरकारी परिपत्रकाने उघडतो आणि नारळाची तिथी पुष्कळदा मागाहून येते. दर्याची त्यावर काही तक्रार आल्याचं ऐकलेलं नाही.

तेव्हा येणार असाल तर एवढं लक्षात ठेवा. यार्डाची किल्ली देवळाशेजारच्या दुकानात मिळते. दुकान बंद असेल तर तांडेलांना हाक मारा, त्यांना दुसरं काम नाही असं समजून मात्र मारू नका. चांगले मासे कुठल्या खानावळीत मिळतात हे आत विचारू नका, त्यावरून समितीत दोन तट आहेत. सोमवारी काकू विकायला जात नाहीत, त्यामुळे पाटी दिवसभर बघायला मिळते. तिकीट दहा रुपये, सुटे आणावेत. आणि पावसाळ्यात आलात तर छत्री आत शिरल्यावर उघडावी.